चिठ्ठी कोणाकडे आणि कशासाठी? मुलांच्या मानसोपचाराच्या वाटेवर पालक

शाळेच्या डायरीतील ओळ बहुधा छोटीच असते. 'वर्गात लक्ष नसते, पालकांनी भेटावे.' भेट होते आणि 'एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या' असा सल्ला मिळतो. बालरोगतज्ज्ञ मुलाला तपासतात, 'मोठा झाला की सुधारेल' असा दिलासा देतात, नाहीतर एका कागदावर 'मानसोपचार विभागाकडे' एवढेच लिहून सही करतात. तो कागद घरी येतो आणि फाइलीत पडून राहतो. आजी म्हणते, दिष्ट काढून पाहूया. काका म्हणतात, आम्हीही लहानपणी असेच होतो. देवाला कौल लावला जातो, शिकवणी बदलली जाते, मोबाइल काढून घेतला जातो. सहामाही परीक्षा येते आणि डायरीत तीच ओळ पुन्हा उमटते.

या दिरंगाईचे खापर पालकांच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. बऱ्याच पालकांच्या हाती चिठ्ठी असते, मात्र त्या चिठ्ठीत प्रश्नच नसतो. संदर्भचिठ्ठी, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला आपण 'रेफर केले' म्हणतो ती, वास्तविक एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराला विचारलेला प्रश्न असते. हा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तोंडी उत्तरे चांगली देतो, लिहिताना अक्षरे उलटसुलट करतो, दृष्टी व श्रवण तपासले आहे, त्याला वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण आहे का? असा प्रश्न लिहिलेला असेल, तर पुढच्या खोलीतील तज्ज्ञाचा अर्धा वेळ वाचतो. नुसते 'मानसोपचार विभाग' लिहिले, तर पालकांना सारे पहिल्यापासून सांगावे लागते आणि कित्येकदा ते चुकीच्या दारापुढे रांगेत उभे राहतात.

प्रश्नाचा आवाका किती, याची थोडी कल्पना बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येते. 13 ते 17 या वयोगटात 7.3 टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मनोविकार आढळला. चाळीस मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावले, तर सरासरी तीन मुले होतात. ज्या बारा राज्यांत ही पाहणी झाली, त्यांत गोवा नव्हता. महाराष्ट्र आणि कर्नाटकही नव्हते. तेव्हा हा आकडा जसाच्या तसा आपल्या राज्याला चिकटवता येत नाही, पण आपली मुले या नियमाला अपवाद असतील असे मानण्यासही आधार नाही.

कोण काय करतो?

पालकांचा गोंधळ सुरू होतो तो पदव्यांपाशी. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यक शिकलेला डॉक्टर असतो. निदान करणे, औषध देणे आणि गरज पडल्यास रुग्णालयात दाखल करून घेणे हे त्याचे काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो बुद्धिमापन, अध्ययनक्षमता, भावनिक स्थिती यांच्या कसोट्या घेतो आणि संवादातून उपचार करतो. या व्यावसायिकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. समुपदेशक हा शब्द मात्र आज फारच सैल झाला आहे. शाळेतील प्रशिक्षित समुपदेशकापासून चार आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग केलेल्या माणसापर्यंत सर्वजण तो वापरतात. म्हणून पाटीवरचे नाव वाचून न थांबता शिक्षण कोठे आणि किती झाले, हे विचारावेच.

बोलण्यात मागे असलेल्या मुलाला वाचा-उपचारतज्ज्ञ लागतो, हातांच्या हालचाली किंवा आवाज-स्पर्श सहन न होणे यांसाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ, आणि वाचन-लेखनासाठी विशेष शिक्षक. एकाच मुलाला यांतील तिघांचीही गरज पडू शकते. त्यामुळे 'एक चांगला डॉक्टर सांगा' या प्रश्नाला सरळ उत्तर नसते.

या सर्वांच्या आधी एक पायरी आहे आणि घाईत तीच गाळली जाते. तीन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर प्रथम कानांची तपासणी झाली पाहिजे. फळ्यावरचे उतरवून न घेणाऱ्या मुलाला कदाचित चष्मा हवा असेल. वर्गात मधूनच क्षणभर शून्यात पाहणारी मुलगी 'स्वप्नाळू' नसून तिला अपस्माराचे सूक्ष्म झटके येत असू शकतात. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, अपुरी झोप यांमुळेही मुले मंदावतात, चिडचिडी होतात. म्हणून बालरोगतज्ज्ञाकडून निघताना 'यातील काय तपासून झाले, काय राहिले?' असे विचारून ते चिठ्ठीतच लिहून घ्यावे. मानसोपचार हा शरीर तपासून झाल्यावरचा किंवा त्याच्याबरोबरचा मार्ग आहे. त्याला पर्याय नव्हे.

गोव्यातील दारे

चिठ्ठीविना मानसोपचारतज्ज्ञाकडे जाता येत नाही, असा एक समज आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात अशी अट कुठेही नाही. उलट शासन चालवीत असलेल्या किंवा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे हा कायदा सांगतो आणि त्या सेवांत मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख करतो. चिठ्ठी उपयोगी आहे, पण तो परवाना नव्हे.

राज्यातील मुख्य सरकारी ठिकाण म्हणजे बांबोळी येथील मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्था, म्हणजेच 'आयपीएचबी'. गोवा वैद्यकीय महाविद्यालय, आपले 'गोमेकॉ', तेथून जवळच आहे. त्यामुळे बालरोग, कान-नाक-घसा, मज्जासंस्था या विभागांतील तपासण्या आणि मानसोपचार एकाच फेरीत बसवता येतात. आधी विचारणा करून दिवस ठरवला, तर बाहेरगावच्या पालकांची एक रजा वाचते. ही संस्था म्हणजे पूर्वी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर असलेल्या, आबे फारिया यांच्या नावाच्या मनोरुग्णालयाचा पुढचा अवतार. 1756 मध्ये कांदोळी येथे जन्मलेल्या फारियांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले; संमोहनाची किमया करणाऱ्यात नसून ती होणाऱ्याच्या मनातील सूचनेत असते, हे त्यांनी मांडले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आपण रोज पाहतो. मनाच्या अभ्यासाची अशी परंपरा सांगणाऱ्या भूमीत मानसोपचाराचे नाव काढताच आवाज खाली यावा, हा विरोधाभासच म्हणायचा.

बांबोळी हे मात्र पहिलेच दार असायला हवे असे नाही. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत जाता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून राबवला जात असून, तज्ज्ञाची सेवा जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पातळीवर आणणे हाच त्याचा हेतू आहे. आपल्या आरोग्यकेंद्रात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे केंद्रात विचारावे. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा होणे अपेक्षित असते. विकासातील विलंब हा तिच्या चार मुख्य विषयांपैकी एक असून, पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील लवकर हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर राहिले तर ती संधी हुकते, म्हणून पालकांनी तारीख विचारून ठेवावी.

स्वयंसेवी क्षेत्रात 1996 मध्ये गोव्यातच स्थापन झालेली 'संगाथ' ही संस्था बालविकास आणि किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत काम करते. स्वमग्न मुलांच्या पालकांना प्रशिक्षित करून घरच्या खेळांतून मुलाशी संवाद वाढवण्याची एक पद्धत गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे तपासली गेली. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी ती राबवली. 65 मुलांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली, असे त्यात दिसले. तज्ज्ञाची तारीख लांबची मिळाली म्हणून मधला काळ वाया गेलाच पाहिजे असे नाही, हे या अभ्यासावरून लक्षात यावे. 'तारीख येईपर्यंत आम्ही घरी काय करू?' हा प्रश्न प्रत्येक पालकाने चिठ्ठी देणाऱ्याला विचारावा.

घरबसल्या बोलायचे असेल तर 'टेलिमानस' या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक 14416 आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली ही सेवा निःशुल्क असून चोवीस तास चालते. मुलाविषयी चिंता असलेले पालकही तेथे बोलू शकतात. रुग्णानेच फोन केला पाहिजे असे नाही.

सीमाभागाचे गणित थोडे निराळे आहे. दोडामार्ग, सावंतवाडीकडील कुटुंबे उपचारांसाठी बांबोळीची वाट धरतात, तर बेळगाव-खानापूरच्या पालकांना धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था सोयीची पडते. राज्य बदलले की योजना बदलतात, खर्चाची सवलत बदलते. निदानाचे कागद मात्र कुठेही चालतात. त्यामुळे मूळ कागद कोणालाही न देता त्यांच्या प्रती द्याव्यात.

पालकांचा कागद

तज्ज्ञासमोर पालकांना मिळणारी पंधरा-वीस मिनिटे आठवण्यात जातात. 'कधीपासून?' असे विचारले की आई-वडील एकमेकांकडे पाहतात. म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत पालकांचा स्वतःचा एक कागद हवा, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. त्यात विशेषणे नकोत. 'फार हट्टी आहे' या वाक्यातून तज्ज्ञाला काही कळत नाही. 'आठवड्यातून चार-पाच वेळा, बहुधा अभ्यासाला बसवल्यावर, अर्धा तास रडतो, वस्तू फेकतो. आजोळी गेल्यावर हे घडत नाही' यातून बरेच कळते. केव्हापासून, कोठे, किती वेळा, किती वेळ, आधी काय घडले आणि नंतर कोण काय करते, एवढे लिहावे. गरोदरपण व जन्मवेळच्या अडचणी, चालणे-बोलणे कोणत्या वयात सुरू झाले, झोप, भूक, शाळाबदल, घरातील मृत्यू, स्थलांतर किंवा भांडणे यांच्याही नोंदी असाव्यात. आपल्याकडे वडील बोटीवर किंवा आखाती देशांत आणि आई एकटीने घर चालवते, अशी कुटुंबे थोडी नाहीत. ही परिस्थिती सांगण्यात कमीपणा नाही. घरातील एखादा प्रसंग मोबाइलवर टिपलेला असेल तर तो तज्ज्ञाला दाखवावा, परंतु कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरवू नये.

समजा, सत्तरीतील एका गावातल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पालक आधी वाळपईच्या केंद्रात, मग म्हापशाला, मग बांबोळीला जातात. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो. रोजंदारीवरच्या बापाचा दर फेरीला एक खाडा पडतो. तिसऱ्या फेरीनंतर हे कुटुंब परतले नाही, तर त्याला बेफिकीर म्हणता येईल का? हातात प्रश्न लिहिलेली चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल आणि स्वतःचा कागद असता, तर यातील एक फेरी निश्चित टळली असती.

भाषेचा मुद्दाही याच कागदात यावा. घरी कोकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, शाळेत इंग्रजी अशी आपल्या मुलांची स्थिती असते. परप्रांतीय कुटुंबांत आणखी एक भाषा येते. कोणत्या भाषेत मूल विचार करते हे कसोटी घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर भाषेची अडचण बुद्धीची अडचण ठरू शकते. हा विषय नवा नाही. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने कसोटीचे मराठी आणि कन्नड रूपांतर 1934 मध्ये केले होते, आणि 'बिने-कामत' कसोटीचे नाव मानसशास्त्रज्ञांच्या खोलीत आजही ऐकू येते. नागपुरात मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली बुद्धिमापन कसोटीही सर्वपरिचित आहे. कसोटी कोणत्या भाषेत घेतली, हे अहवालात नमूद करून घेण्याचा पालकांना अधिकार आहे.

शाळेशी किती बोलावे?

गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळाले, ही आपल्या राज्यातील जमेची बाजू आहे. समुपदेशकाचे निरीक्षण लेखी मागावे, कारण मुलाला वर्गात पाहणारा तोच एक बाहेरचा माणूस असतो. निदानाचा पूर्ण अहवाल शाळेला देण्याचे बंधन मात्र पालकांवर नाही. शाळेला हवे असते ते मुलाला काय मदत द्यायची हे: पुढच्या बाकावर बसवणे, जादा वेळ, तोंडी उत्तरांची मुभा. तेवढे एका पानात तज्ज्ञाकडून लिहून घेतले की पुरते.

परीक्षेतील सवलतींसाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. यांपैकी अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांखालील मुलाला दिले जात नाही, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. याचा अर्थ आठ वर्षांपर्यंत वाट पाहावी असा मुळीच नाही. मदत आधी सुरू करता येते, प्रमाणपत्र नंतर येते. दहावीच्या वर्षी डिसेंबरात जागे होणारे पालक दरवर्षी धावपळ करताना दिसतात. गोवा शालान्त मंडळाच्या सवलतींसाठी ही तयारी आठवी-नववीतच सुरू करावी.

थांबायचे नाही असे प्रसंग

काही वेळा चिठ्ठी, तारीख, तालुका केंद्र हे सारे बाजूला ठेवून थेट आपत्कालीन विभाग गाठावा लागतो. मूल मरणाची भाषा करते किंवा स्वतःला इजा करते. दिवसेंदिवस जेवत वा झोपत नाही. नसलेले आवाज ऐकू येतात म्हणते. अचानक भ्रमिष्टासारखे वागते. रुग्णवाहिकेचा क्रमांक 108. निघेपर्यंत मुलाला एकटे ठेवू नये. औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात. 'जिवाचे काही करावे असे मनात येते का?' हे थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. 'पोलिस केस होईल' म्हणून रुग्णालय टाळणारे पालक आजही भेटतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला वा शिक्षा होऊ नये, अशी तरतूद 2017 च्या कायद्याच्या कलम 115 मध्ये आहे. बदललेल्या वागण्यामागे लैंगिक अत्याचार असल्याचे कळले, तर मात्र पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. तेथे घराण्याच्या अब्रूचा विचार करून गप्प बसता येत नाही. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे.

दाखल करण्याची वेळ आलीच, तर अल्पवयीनांसाठी कायद्याने बरीच काळजी घेतली आहे. मुलाला केवळ अपवादात्मक स्थितीत दाखल करावे, असे कलम 87 सांगते. त्यासाठी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक अन्य मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासणी करून तसे मत द्यावे लागते. मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ सोबत असते, आणि मुलीसोबत स्त्री परिचारक हवीच. दाखल केल्याची माहिती 72 तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवली जाते. विजेचे झटके देण्याबद्दल पालकांच्या मनात सिनेमांनी पेरलेली धास्ती असते. पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी या दोन्हींशिवाय अल्पवयीनाला हा उपचार देता येत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असेही हाच कायदा सांगतो. पॉलिसी घेताना बारीक अक्षरे वाचावीत.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत पालकांना एक गोष्ट जड जाते. पंधरा वर्षांची मुलगी तज्ज्ञाशी एकटीने बोलते आणि आई बाहेर बाकावर बसते. बाहेर आल्यावर 'काय सांगितलेस?' असे विचारण्याचा मोह आवरावा. जीविताला धोका असेल तर तज्ज्ञ पालकांना सांगतातच. बाकीचे तिच्यापाशी राहू द्यावे. रिक्षात, बसमध्ये, नातेवाइकांसमोर हा विषय काढू नये. आणि तिला तिथे नेताना 'दात दाखवायला जाऊया' असे खोटे सांगून नेऊ नये, कारण दुसऱ्या भेटीला ती येणार नाही.

उपचार सुरू झाल्यावर आणखी एक कागद मागायचा राहून जातो. तो म्हणजे परतीची चिठ्ठी. निदान काय, औषध कोणते व किती काळ, कोणत्या खुणा दिसल्यास लगेच परत यावे, पुढची भेट केव्हा, हे बांबोळीच्या तज्ज्ञाने गावच्या डॉक्टरला लिहून दिले, तर मधल्या काळातील वजन, रक्तदाब, औषधाचे परिणाम यांची पाहणी तालुक्यातच होऊ शकते, आणि बांबोळीची फेरी महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी केली तरी चालते का, हे तज्ज्ञाला विचारता येते. औषध आपल्या आरोग्यकेंद्रात मिळते का, याची चौकशी त्याच दिवशी, खिडकीवरून हलण्यापूर्वी करून घ्यावी.